कमानपाटे

कॉलनीच्या तोंडाशी रस्त्यावर जो उंचवटा आहे, त्यावरून ट्रक इतका अलगद गेला की दिगंबरला कळलंसुद्धा नाही. एरवी तिथे मागची चाकं ताडकन उडायची, दातांवर दात आपटायचे, कपातली कॉफी शर्टावर यायची. आज मागच्या हौद्यात खडीच्या गोण्या होत्या. दारातल्या निवडुंगांभोवती पसरायला प्रतिमाने त्या मागवल्या होत्या, आणि त्यांच्यावर दुकानातून नुकतेच आणलेले ट्रकचे नवे कमानपाटे आडवे टाकलेले होते. एवढं ओझं पाठीवर आलं आणि ट्रक शहाण्या बैलासारखा मान हलवत पुढे गेला. म्हणजे एवढंच हवं होतं. थोडं वजन. त्याने पत्रपेट्यांच्या कडेला ट्रक उभा केला आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला. मे महिन्याचं, अमेरिकेतल्या चँडलरचं वाळवंटी ऊन काचेवर आदळत होतं. समोरून कुत्र्याला घेऊन चाललेल्या शेजारणीने हात हलवला, त्यानेही हलवला, आणि त्याला उगाच वाटलं की तिलाही ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, तीस वर्षांचं जुनं धूड. गेल्या वर्षी दिगंबरने तो हौसेने घेतला आणि गॅरेजमध्ये आणून पार उघडा केला. भंगारवाल्याकडून मोठ्या ट्रकच्या मागच्या चाकांचा ॲक्सल आणला, त्यावर चढवायला जाडजूड कमानपाटे आणले. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, त्यांना आपल्याकडचे मिस्त्री कमानपाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. तीन दशकं त्याने संगणकाच्या चिपच्या कारखान्यात पांढरा झगा घालून, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी सांभाळण्यात घालवली होती. आयुष्यभर जे केलं ते हातात कधी आलं नाही. म्हणून हाताला ग्रीस लागलं, नट सुटताना मनगटातून कळ गेली, की त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. प्रतिमा म्हणायची, "पन्नाशीनंतर लोक गोल्फ खेळतात, तू गाडीखाली झोपतोस." पण लिंबाचं सरबत तीच आणून द्यायची. एक टनाचं ओझं उचलेल असा तो ट्रक त्याने उभा केला. एक टन ओझं कुठून येणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही, आणि त्याने तर मुळीच नाही.

पण त्याला ठाऊक होतं, हेच तर खरं दुखणं. ठाऊक नसतं तर माणूस सुटतो. भार पेलायला केलेले पाटे रिकाम्या गाडीला लाथ मारतात, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. ते जाड पाटे रुळेपर्यंत हौद्यात वाळूच्या पिशव्या ठेव, असं भंगारवाल्याने सांगितलं होतं, इंटरनेटवर दहा जणांनी लिहिलं होतं, आणि त्याने त्या ठेवल्याही होत्या. मग जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची संक्रांतीची सहल निघाली, आणि सहलीच्या सकाळी त्याने त्या स्वतःच्या हातांनी उतरवून गॅरेजच्या भिंतीशी रचल्या. का, तर पिशव्या मळक्या दिसत होत्या. मंडळातले लोक ट्रक बघायला येणार, फोटो काढणार. हौद्याला काळा रंग दिला होता, तो दिसला पाहिजे. कारण एवढंच होतं. रात्री अंथरुणात त्याने पुष्कळदा दुसरं एखादं कारण शोधून पाहिलं होतं, थोडं तरी इभ्रतीचं, पण ते सापडलं नव्हतं.

त्या दिवशी प्रतिमा भाताचं पातेलं आणि गुळपोळ्या घेऊन कारने पुढे गेली. मागून दिगंबर आणि त्याच्या सासूबाई ट्रकमधून. शोभनाताई नोव्हेंबरात साताऱ्याहून लेकीकडे आल्या होत्या. मुलींच्या शाळेत सगळी वर्षं भूगोल शिकवला, आणि विमानतळाबाहेर पडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "वाळवंट म्हणता, मग वाळू कुठंय हो?" ट्रक इतका उंच केलेला, की त्यांना चढवायला त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. "अंबारीत बसवताय की काय, दिगंबरराव," म्हणत त्या चढल्या, तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. खरं तर त्यांना लेकीबरोबर जायचं होतं. त्यांची पर्ससुद्धा तिच्या कारमध्ये होती. पण जावयाने म्हटलं, "आई, तुम्ही माझ्याबरोबर चला, ट्रकचा मान तुमचा," आणि जावई म्हटलं की त्यांच्या पिढीला नाही म्हणता येत नाही. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्या त्याला अहोजाहो करायच्या. त्याच्या आधी कधी जेवल्या नाहीत, आणि त्याच्यासमोर पाय पसरून बसल्याचंही त्याला आठवत नव्हतं.

शहर संपून डोंगराकडे रस्ता लागला की मध्ये एक कोरडा ओढा आडवा येतो. तिथे रस्ता एकदम खाली जाऊन वर येतो. बाकीच्या गाड्या हळू होतात. दिगंबर हळू झाला नाही. "बघा आता," तो म्हणाला, "तुम्हाला कळणारसुद्धा नाही." हे शब्द त्याला अजून जसेच्या तसे ऐकू यायचे, कधी दात घासताना, कधी मीटिंगमध्ये कोणी आकडे वाचत असताना. ट्रक खाली गेला, आणि वर येताना मागची बाजू उसळली. सासूबाई सीटवरून वर उचलल्या गेल्या, सीटबेल्टला अडल्या आणि तशाच सरळ खाली आपटल्या. त्यांच्या तोंडून फक्त "हं" एवढा आवाज आला, कोणी हाक मारली की ओ देतात तेवढाच. डबा त्यांनी सांडू दिला नाही. "लागलं का?" त्याने विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो गाडी." मग पार्क येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते त्याला नको होतं.

पार्कात त्या दिवसभर उभ्या होत्या. लोक म्हणत होते, "आजी, बसा ना," कोणी घडीची खुर्ची आणत होतं, आणि त्या म्हणत होत्या, "बसून बसून कंटाळा आलाय बाई." झाडाला एक हात टेकून त्यांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. दिगंबर ट्रकच्या बोनेटशी मित्रांच्या घोळक्यात होता. कुमारने चाकाखाली वाकून पाहिलं, शीळ घातली आणि म्हणाला, "काय मस्त बिल्ड आहे यार, घरी केलंस हे?" दिगंबर पाट्यांची जाडी सांगत होता, आणि सांगता सांगता त्याची नजर त्या झाडाशी उभ्या असलेल्या बाईकडे जात होती आणि परत येत होती. त्याला तेव्हाच कळलं होतं. फोटोत तो हसताना दिसतो. परतताना सासूबाई म्हणाल्या, "मी प्रतिमाबरोबर जाते, तिच्याशी बोलायचंय जरा," आणि त्याला हायसं वाटलं. अंगाला चिकटलेला मळ असावा तसं ते हायसं वाटणं त्याला नंतर किती दिवस खरवडून काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं की बाथरूममध्ये पाय घसरला. प्रतिमाने आदल्या दिवशीच टबातली रबरी मॅट धुवायला काढली होती, ती अंगणात वाळत पडली होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. दिगंबर दारात उभा होता, हातात चहाचा कप. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. "उसण भरलीय नुसती, शेक दिला की जाईल," म्हणाल्या. मंडळातल्या रेखाकाकू, निवृत्त डॉक्टर, येऊन बघून गेल्या, एक्स-रे काढू म्हणाल्या. सासूबाईंनी ऐकलं नाही, परक्या मुलखात कशाला नसती लांबण. मग मार्चपर्यंत त्या बहुतेक कुशीवर पडूनच होत्या, आणि विमानतळावर व्हीलचेअरमधून गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण तो मार आपण दिलेला होता आणि तोंड त्यांनी स्वतःच दाबून धरलं होतं, आणि असल्या उपकाराचं काय करायचं ते दिगंबरला कळत नव्हतं.

साताऱ्यात गेल्यावर प्रसन्नने, प्रतिमाच्या भावाने, एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका चेपला होता. त्याचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. "ताई, डॉक्टर म्हणतात बसल्या जागी दणका बसला की असं होतं. अगं, एवढं अमेरिकेतलं घर तुझं, आणि म्हातारीला धरायला एक दांडी नाही बाथरूममध्ये?" प्रतिमा म्हणाली, "टबच्या कडेवर बसली असेल पडताना." तिने तो प्रसंग मनात रचला, आणि पुढे रोज थोडा थोडा पक्का करत गेली: आईचा पाय कुठे पडला, हात कशाला धरायला गेला, काय मिळालं नाही. दिगंबर-प्रतिमाची मुलगी सई, दूर ईडन प्रेरी गावाहून, फोनवर म्हणायची, "मॉम, स्टॉप ब्लेमिंग युअरसेल्फ," आणि प्रतिमा म्हणायची, "तुला नाही कळणार." पुढच्याच शनिवारी ती स्टीलच्या दांड्या घेऊन आली. टाइलला भोकं पाडायची तर ड्रिल कोण चालवणार? दिगंबरने चालवलं. तिने दांडी धरली, त्याने दांडी सरळ आहे का ते बघायला लेव्हल ठेवून तिच्यातला बुडबुडा मध्ये आणला, खुणा केल्या, भोकं पाडली, स्क्रू आवळले. पांढरी धूळ तिच्या केसांवर बसली होती. "जरा खाली हवी का? आईच्या उंचीला?" तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "एवढी ठीक आहे." त्या क्षणी तो बोलू शकला असता. ड्रिल बंद होतं, घर शांत होतं. खाई त्याला खवखवे खरं, पण खवखवलं तरी माणूस बोलतोच असं नाही. त्याने व्हॅक्यूम आणून धूळ गोळा केली.

आता, पत्रपेट्यांपासून घरापर्यंत त्याने ट्रक अगदी सावकाश नेला. गोण्या उतरवून दारात रचल्या, ट्रक गॅरेजमध्ये घेऊन मागून जॅकवर उचलला, खाली लोखंडी टेकूच्या घोड्या लावल्या, चाकं काढली. नवे पाटे मऊ होते, आधी पातळ पट्ट्या वाकणार, ओझं आलं तरच जाड पट्ट्या कामाला लागणार. ॲक्सल तसाच ठेवून हे बसवायचे म्हणजे रिकामा ट्रकही लाथ मारणार नाही. आता त्यात कोण बसणार होतं? प्रतिमाला त्याने सांगितलं होतं, "आणखी एक अपग्रेड," आणि ती म्हणाली होती, "कर बाबा, तेवढंच तुझं मन रमतं." पायाशी पंखा गरम हवा ढकलत होता. पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टांचे नट गच्च होते, पान्याला पाइप घालून जोर लावावा लागत होता, आणि जोर लावताना त्याला बरं वाटत होतं. आपण प्रायश्चित्त घेतोय असं स्वतःला वाटू देणं फार सोपं होतं. डाव्या बाजूचा जुना पाटा सुटून फरशीवर दाणकन पडला. चूक इथे दुरुस्त होत होती, नट-बोल्टांत, आणि आत घरात एक बाई ती चूक आपली समजून जगत होती. दोन्हींमध्ये एक दार होतं, तेही लोटलेलं.

फोन वाजला. साताऱ्याहून, व्हिडिओ कॉल. सासूबाई त्याला थेट कधी फोन करत नसत. त्याने पालथ्या हाताने घाम पुसला आणि फोन खोक्याला टेकवून ठेवला. तिकडे सकाळ उजाडली होती. त्या भिंतीला टेकून उभ्याच होत्या, कमरेचा पट्टा साडीवरून दिसत होता.

"प्रतिमा फोन उचलत नाही, म्हणून तुम्हाला केला. कामात होतात का?"

"नाही आई. बोला ना."

"धोंड्याचा महिना लागला. जावयाला अनारसे द्यायचे असतात. यंदा मला बसवत नाही तळायला, बाहेरून करून घेतलेत. प्रसन्नच्या ओळखीचं कोणी निघालंय तिकडे, त्याच्याबरोबर पाठवते. गोड मानून घ्या हं."

त्या माफी मागत होत्या. ज्या बाईला त्याने आपटलं, ती त्याला अनारसे स्वतः केले नाहीत म्हणून गोड मानून घ्या म्हणत होती. फरशीवर पडलेला पाटा फोनमध्ये दिसत असावा, कारण त्या वाकून बघितल्यासारखं करत म्हणाल्या, "तीच गाडी का?"

"हो. आई, मी प्रतिमाला सांगणार आहे. आजच. ती रोज स्वतःला दोष देतेय, मला बघवत नाही."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, खोलीत कोणी नाही याची खात्री केली, आणि त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईचा झाला. "काही सांगायचं नाही. ती स्वतःवर चिडेल, रडेल, विसरेल. आईवर चिडली तरी आई लांब आहे. तुमच्यावर चिडली तर तिकडे तिने जायचं कुठं? तिकडे जवळ तिला तुमच्याशिवाय आहे कोण? बाथरूमचं मी विचार करूनच बोलले होते, दिगंबरराव. तुम्ही मध्ये पडू नका." मग एकदम नेहमीच्या सुरात, "जेवलात का?" म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हे, की सुटलो. मोठ्या माणसाची परवानगी मिळाली, आता गप्प राहणं म्हणजे आज्ञा पाळणं. तो स्टुलावर बसला, बाटलीतलं पाणी प्यायला. ते पाणी घशाखाली उतरेपर्यंतच ते सुख टिकलं. दोन महिने त्या कुशीवर पडून होत्या तेव्हा लेकीचा संसार सांभाळत होत्या, आणि तो मात्र त्यांच्या दुखण्याच्या आड बसून पाट्यांचे कॅटलॉग बघत होता. प्रतिमाला कोणी विचारलंच नव्हतं, तिला कशावर चिडायचंय. ते तिच्या आईने ठरवलं आणि नवऱ्याने मान डोलवली. तो उठला. हात न धुताच आत गेला.

प्रतिमा पाहुण्यांच्या बाथरूममध्ये होती. टबात गुडघ्यांवर बसून तळाला खरखरीत पट्ट्या चिकटवत होती, एकेक पट्टी अंगठ्याने दाबून, कडेपर्यंत. फोन बेसिनवर पडलेला. "आई यायची नाही आता परत," ती मान वर न करता म्हणाली, "प्रवास बंद सांगितलाय. तरी लावतेय. कळतं मला, वेडेपणा आहे. हात काळे घेऊन कुठे आत आलास?"

"प्रतिमा, आई इथे पडल्या नाहीत."

तिचा अंगठा पट्टीवर थांबला.

"त्या कुठेच पडल्या नाहीत. सहलीला जाताना माझ्या ट्रकमध्ये त्यांना दणका बसला. मी त्या ओढ्यापाशी स्पीड कमी केला नाही. मागच्या वाळूच्या पिशव्या मी काढून ठेवल्या होत्या, फोटोसाठी. मला त्याच दिवशी कळलं होतं."

ती टबाच्या कडेवर बसली आणि भिंतीवरच्या दांडीकडे पाहिलं. "हे लावताना तू ड्रिल धरलं होतंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलं, आईच्या उंचीला हवी का. तू लेव्हल बघितलीस, दिगंबर."

"हो."

"गाडी उडाली, ठीक आहे. कोणाचीही उडते. हे कसं करू दिलंस मला?"

आता फोन आला होता, आईंनी सांगू नका म्हटलं, हेही त्याने सांगून टाकलं, कारण अर्धं लपवून अर्धं सांगणं आता जमणार नव्हतं. ते ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत," ती म्हणाली. "तिने माझी काळजी केली आणि तू स्वतःची. आणि मी इथे पट्ट्या चिकटवतेय." ती उठली, त्याच्या अंगाला न लागता बाजूने गेली. तिला गॅरेजचं दार उघडताना ऐकून तो मागे गेला.

ती ट्रकसमोर उभी होती. एक बाजू उघडी, चाकं नाहीत, फरशीवर जुना पाटा, भिंतीशी नवे. "यातले त्या दिवशीचे कुठले?" तिने विचारलं. त्याने पायाने दाखवलं.

"परत लाव."

"अगं, ते काढायलाच तर—"

"लाव ते. मला बसायचंय त्यात. ती बसली होती तिथे, त्याच रस्त्याने."

"प्रतिमा, तुझीही पाठ आहे. तू काय बोलतेयस?"

"काय झालं ते मला कोणी सांगत नाही ना. तिने नाही सांगितलं, तू नाही सांगितलंस. मग मला स्वतःला कळू दे." तिने भिंतीतल्या खिळ्यावरची ट्रकची किल्ली काढून हातात घेतली आणि स्टूल ओढून पंख्यासमोर बसली. ती आत जाणार नव्हती, हे त्याला कळलं. ती रडणारही नव्हती, आणि रडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तो फरशीवर बसला, पाटा दोन्ही हातांनी उचलला आणि ट्रकखाली सरकवला. तो जड होता, एकट्याला धरून ठेवता येईना, पण तिने हात लावला नाही. गुडघ्याने टेकू देत त्याने बोल्ट घातले, एकेक नट हाताने फिरवला, मग पाना लावला. प्रत्येक आवळणीबरोबर त्याला तिच्या पाठीचे मणके दिसत होते, तीस वर्षं ज्यांच्यावरून त्याचा हात फिरला होता ते. आत प्रतिमाचा फोन वाजला, बाथरूममध्ये, बेसिनवर, बराच वेळ वाजत राहिला, आणि दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"हौदा रिकामाच होता ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि स्पीड किती होता?"

त्याने पाना थांबवला. "पंचेचाळीस मैल."

"तेवढाच ठेव," ती म्हणाली.